परसातली उघाडी

हरेश्वरकाका कॅलेंडरवरची तारीख बघत नसत. तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी बघत.

उघाडी वीस पावलांवर आली की चपला काढून हातात घेत.

कुठल्याही पाण्यात उतरायच्या आधी बोट बुडवून जिभेला लावत. खाडी असो, शेत असो, नाहीतर अंगणात साचलेलं डबकं.

कापड फाटल्याचा आवाज झाला की मान वर करत. थोड्या वेळाने येऊन विचारत, टाकणार आहात का ते.

ताटात वाढलेलं मीठ बोटाने बाजूला सारत.

हसत तेव्हा आवाज होत नसे. नुसते खांदे हलत.

पाहुण्यांशी बोलताना त्यांच्या पायांकडे बघत. मग मला हळूच सांगत, हा बांधावरून पडनार. तो पडायचा.

या सवयी मी कामासाठी टिपल्या होत्या. होमस्टेच्या पानावर ‘काकांना भेटा’ असा मजकूर हवा होता. मी तो लिहिला. त्यातल्या पाच सवयी घेतल्या आणि दोन राखून ठेवल्या. पाहुण्यांना मजकूर फार आवडला. काही जण येताना घरातली फाटकी कापडं घेऊन यायचे आणि काकांसमोर टरकावून बघायचे, मान वर होते का. व्हायची.

मी तुळिंजला राहते. मराठी घेऊन एम.ए. केलं. नोकरी मिळत नव्हती तेव्हा मितेश भोईरने विचारलं, आमच्या होमस्टेसाठी लिहिशील का. कामणच्या पुढे गोदामं संपतात, तिथून एक रस्ता खाडीकडे उतरतो. त्या रस्त्याच्या टोकाला त्याचं घर. पावसाळ्यात निवांत मुक्काम, कमीत कमी तीन रात्री, फोन दारातल्या टोपलीत ठेवायचे. पडवीत बसून पाऊस बघायचा, तांदळाची भाकरी आणि कंटोळीची भाजी खायची, अर्धा तास लावणी करायची. पाहुण्यांनी लावलेली रोपं दुपारी बायका उपटून पुन्हा लावायच्या. ते पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, अशी मितेशची सूचना होती. मी शुक्रवार ते रविवार तिथं जायचे.

हरेश्वरकाका मितेशच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय एकसष्ट. लग्न केलेलं नव्हतं. वडील वारले, भाऊ वारला, घर मितेशच्या नावावर आलं. मागची खोली काकांची होती. तिच्या खिडकीतून खाडी दिसायची. होमस्टे सुरू झाला तेव्हा ती सगळ्यात महागडी खोली झाली. काकांची खाट बाजूच्या पडवीत गेली, सरपणाशेजारी. खाडी बघायला आता त्यांना उठून बाहेर यावं लागायचं. ते रात्रीतून दोनदा उठायचे. पाहुण्यांनी तक्रार केली की कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहतं. मग मितेशने तिथं मेंदीचं कुंपण घातलं.

उघाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. त्या बांधात एका जागी दगडी तोंड आहे आणि त्यात लाकडी झडप. पाऊस पडून शेतं तुंबली की ओहोटीला झडप वर घ्यायची, पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत ती खाली टाकायची. चुकलं तर खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जातं. काम एवढंच. पावसाळ्याचे चार महिने, तिथीप्रमाणे सरकणाऱ्या वेळी, दिवसा आणि रात्री. एकोणचाळीस वर्षं ते हरेश्वरकाका करत होते. गावाने दिलेलं काम होतं. मोबदला म्हणाल तर नारळी पौर्णिमेला उघाडीवरून खाडीत सोडायच्या नारळाचा मान त्यांचा. बाकी काही नाही.

ते एकदा मला म्हणाले, “माज्या नावावर काय बी नाय, बाय. पन उघाडी कोनाची इचार. शेंबडं पोर बी सांगल.”

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बांधावरून जाताना ते परीक्षा घ्यायचे.

“आज तिथी कोनती?”

“षष्ठी.”

“पाऊनपट कर.”

“साडेचार.”

“समुद्राला साडेचार. आपल्याला?”

मी दर वेळी विसरायचे. काका थांबायचे. खांदे हलायचे.

“पानी वसईवरून चालत येतं, बाय. त्याला तास लागतो. त्याच्याकडं काय गाडी हाय?”

मी साहित्य शिकले म्हणजे नक्की काय शिकले, हे त्यांना कधी पटलं नाही. गोष्टी वाचायला कॉलेज लागतं का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, लागतं. त्यावर ते म्हणाले की मग ऐकायला तर विलायतेलाच जावं लागत असेल. आमची मैत्री अशी होती. मी तेवीस वर्षांची आणि ते एकसष्ट. मला दुसरं कुणी इतक्या आस्थेने टोमणे मारलेले नाहीत.

काकांना बघायला येणारे पाहुणे वाढले तशी अडचण सुरू झाली. पाहुण्यांना उघाडी उघडताना बघायची असे. पण ती कधी पहाटे उघडायची, कधी जेवणाच्या वेळी, कधी दोन दोन दिवस नाही. जूनमध्ये पुण्याहून एक जोडपं आलं होतं. त्यांना बाराला निघायचं होतं, म्हणून अकराला उघाडी बघायची होती. काका पायांकडे बघत म्हणाले, “पानी मना इचारून येत नाय. तुमाला काय इचारनार?”

जोडपं हसलं. घरी जाऊन त्यांनी लिहिलं की जेवण उत्तम, निसर्ग उत्तम, अंकल उर्मट.

मितेश दोन दिवस काकांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला ते वाक्य आवडलं. त्याने रंगारी बोलावला आणि पुढच्या भिंतीवर निळ्या अक्षरात लिहून घेतलं, ‘पाणी मला विचारून येत नाही.’ खाली नारळाचं झाड काढलं. पाहुणे तिथं उभे राहून फोटो काढू लागले. मितेशची बायको रीमा स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, “काका, जरा सरका. तुमच्या वाक्याचा फोटो काढतायत.”

काका सरकायचे.

आषाढातली गोष्ट. लावणी होऊन आठ दिवस झाले होते. मग पावसाने तीन दिवस दडी मारली. ऊन पडलं. शेतांत पाणी जेमतेम होतं. उघाडी उघडायची गरजच नव्हती. काकांची दाढ महिनाभर ठणकत होती. त्यांनी ठरवलं, हीच वेळ. ते वसईला बहिणीकडे गेले. संध्याकाळी दाढ काढली आणि रात्री तिथंच राहिले. जाताना मितेशला सांगून गेले की झडपेला हात लावायचा नाही.

होमस्टेत तेव्हा सहा पाहुणे होते. तीन रात्री राहिले, पाऊस नाही, उघाडी नाही. सकाळी नऊला ते परत निघणार होते. त्यांच्यातल्या एकाच्या फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. त्याने मितेशला दाखवलं की ओहोटी लागलीय, नऊच्या आधी पाणी पूर्ण उतरलेलं असेल. त्या वेळा मुंबईच्या समुद्राच्या होत्या. मितेशला उघाडी लहानपणापासून ठाऊक होती. पाणी पूर्ण उतरायच्या दीड तास आधी झडप उचलायची, हेही ठाऊक होतं. वसईवरून चालत येणारा तो एक तास तेवढा त्याच्या डोक्यात नव्हता. त्याला काकांनी कधी शिकवलं नसेल असं नाही. त्याने विचारलं नसेल.

साडेसातला त्याने झडप वर घेतली. बाहेर खाडी अजून उंच होती आणि आत शेतं रिकामी. पाणी उलटं आत आलं. मोठा आवाज झाला. पाहुण्यांना वाटलं, हे असंच असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मितेशने झडप दाबून बघितली. वाहत्या पाण्यात ती खाली जाईना. तासाभराने खाडी उतरली, तेव्हा कुठे ती बसली. तोवर आठ शेतांत खारं पाणी पसरलं होतं. पाहुणे नऊला निघून गेले.

त्याच सकाळी आठ वाजता तुळिंजच्या घरात बसून मी होमस्टेच्या पानावर एक व्हिडिओ टाकला. काका झडप वर घेतायत. बारा दिवसांपूर्वी काढला होता. रोज सकाळी आठला काहीतरी टाकायचं, हे माझं काम होतं.

काका दुपारी परतले. गाव देवळापाशी जमलं होतं. तिथं मी नव्हते. मला रीमाने सांगितलं आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

कृष्णा पाटील गावातले वडीलधारे. आठातली दोन शेतं त्यांची. त्यांनी काकांना विचारलं, सकाळी कुठं होतास. काकांचा गाल सुजलेला. तोंडात कापसाचा बोळा. ते बोलले, पण कुणाला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, “कापूस काय सांगतंय, ऐका रे.” लोक हसले. कृष्णा पाटलांचा पुतण्या विकी पुढे झाला. त्याने फोन काकांच्या नाकासमोर धरला.

“आज सकाली आठला टाकलाय. यो कोन हाय? तुजा भूत?”

काकांनी फोनकडे बघितलं. झडप वर घेणारा माणूस तेच होते. त्यांनी तोंडातला कापूस काढला. कापसाबरोबर रक्त आलं. ते हाताच्या ओंजळीत धरून, कुठं टाकावं ते न कळून ते उभे राहिले. मितेश चार पावलांवर होता. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी ठरलं की उघाडी विकी बघेल.

मी शुक्रवारी गेले. शेतं पिवळी पडायला लागली होती. मितेशने मला बाजूला घेतलं. म्हणाला, व्हिडिओ राहू दे, तारखेचं काही बोलू नको. त्याचं नाव पुढे आलं तर गाव होमस्टे बंद पाडेल, मोसम आत्ताच सुरू झालाय. काका घरचे आहेत, त्यांना गाव आठ दिवसांत माफ करेल. मी मान डोलावली.

काका पडवीत बसून होते. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, तिथी कोणती. मी सांगितली. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

आठ दिवस झाले. गावाने माफ केलं नाही. मग मी कृष्णा पाटलांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, तो व्हिडिओ जुना आहे, काका वसईला होते, झडप कुणी उचलली. ते सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आमाला ठाव हाय, पोरी,” ते म्हणाले. “त्या दिवशीच ठाव होता.”

मी विचारलं, मग?

“मितेशवर आळ घातला तर तो कोरटात जाईल. घरं फुटतील. हरेश्वर गप बसनारा मानूस हाय. गप बसनाऱ्यावर घातलेला बरा.”

त्यांनी मला अर्धी सुपारी देऊ केली. मी ती घेतली. घेतली हे मला अजून आठवतं.

होमस्टेला मात्र काका हवे होते. पानावर त्यांचे फोटो, भिंतीवर त्यांचं वाक्य. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, काका कुठायत, उघाडी कधी. काकांना बांधावर जायची मनाई. मितेशने आठवडाभर विचार केला. मग परसात, गोठ्याच्या मागे, जिथं म्हशी धुतल्याचं पाणी आणि पागोळ्यांचं पाणी साचतं, तिथं त्याने दहा फुटी चर खणून घेतला. दोन बाजूंना दगड लावले. जुन्या संडासाचं दार कापून झडप केली. चराच्या एका टोकाला डबकं आणि दुसऱ्या टोकाला केळी. झडप उचलली की डबक्यातलं पाणी केळींना जायचं.

फळ्यावर वेळ लिहिली, सकाळी अकरा आणि दुपारी चार.

मी त्याला म्हटलं की काका हे करणार नाहीत. मितेश म्हणाला, तू विचारून बघ. मी विचारलं नाही. त्यानेच विचारलं. काकांनी झडपेवरून हात फिरवला. मग म्हणाले, झडप फुगेल, तिला तेल द्यायला हवं.

त्यांनी ती झडप तासून सरळ केली. फटीला चिंध्या भरल्या. पहिल्या दिवशी अकराला पाहुणे जमले तेव्हा काकांनी वीस पावलांवर चपला काढल्या. परसात वीस पावलं नव्हती. ते गोठ्याला वळसा घालून आले. चराशी वाकले, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग खाडीच्या दिशेला बघितलं आणि पाहुण्यांना सांगितलं की आज चतुर्थी, आता भरती चढतेय, अशा वेळी उघाडी उघडत नसतात.

पाहुणे गोंधळले. मितेश हसत म्हणाला, “काका, ही आपली उघाडी आहे. उघडा.”

रीमा दारातून म्हणाली, “आता पाणी तुम्हाला विचारून येणार, काका. मजा आहे तुमची.”

सगळे हसले. भिंतीवरचं वाक्य सगळ्यांनी वाचलेलं होतं. काकांनी झडप उचलली. पाणी केळींना गेलं. एक बाई डोळे मिटून उभी होती. ती म्हणाली, फार शांत वाटलं.

त्यानंतर काकांनी वेळेवरून वाद घातला नाही. रोज अकरा आणि चार. गुडघाभर चरात उभे राहायचे, कारण फोटो तिथून चांगला यायचा. जिभेला बोट लावायचे. ते फोटोसाठी नव्हतं. त्यांना ते सोडता येत नव्हतं. मी एकदा त्यांना म्हटलं, हे पाणी घाण आहे, तोंडाला लावू नका.

“गोडा हाय,” ते म्हणाले. जणू तीच त्याची खोड होती.

मग नारळी पौर्णिमा आली. नारळ सोडायचा तो ओहोटी लागली की. तरच तो खाडीतून समुद्राला जातो. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाऊणपट धरत नाहीत, समुद्राची भरती बाराला पुरी होते. आपल्याला एकला. गाव बांधावर जमलं. विकीच्या डोक्यावर नवा फेटा. काका लांब रस्त्यावर उभे होते, मी त्यांच्याजवळ. विकीने फोन बघितला. बारा वाजून पाच मिनिटांनी त्याने नारळ सोडला.

नारळ थोडा पुढे गेला, थांबला आणि परत आला. उघाडीच्या दगडाला लागून राहिला. विकीने काठीने ढकलला. तो पुन्हा आला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, नारळाला घर सोडवत नाही.

काका चालायला लागले. मी त्यांचा हात धरणार होते, पण ते पुढे गेले. वीस पावलांवर चपला काढल्या. पाण्याशी वाकून त्यांनी नारळ उचलला. तो कोरडा केला. बहुतेक ते एक वाजेपर्यंत थांबणार होते. कृष्णा पाटलांनी त्यांच्या हातातून नारळ घेतला. आवाज न चढवता म्हणाले, “तू हात लावू नको, हरेश्वर. बाटला तो.”

तो नारळ त्यांनी बांधावर फोडला. प्रसाद वाटला. काकांनाही दिला. पाऊस सुरू झाला होता. आम्ही घरी आलो तेव्हा चार वाजायला आले होते, आणि पाहुणे परसात छत्र्या घेऊन उभे होते.

त्या आठवड्यात काकांनी माझ्याकडे एक जुनी सुती साडी मागितली. झडप ज्या खाचेत बसते तिथं कापडाची जाड गादी लागते, नाहीतर फटीतून खारं पाणी झिरपतं. चार पदरी, चौदा वीत लांब, हाताने शिवलेली. उघाडीची गादी ते दर वर्षी भाद्रपदाच्या मोठ्या भरत्यांच्या आधी बदलायचे. मी विचारलं, आता ती कशाला. म्हणाले, विकी शिवणार नाही, त्याला सुई ओवता येत नाही. उघाडी कोण बघतो याच्याशी गादीचा काय संबंध, असं त्यांना वाटत असावं.

मी आईची साडी नेऊन दिली. पिवळी, लाल काठाची. ती फाडताना आम्ही दोघांनी एकेक टोक धरलं. टरकन आवाज झाला आणि त्यांनी मान वर केली. मग आम्ही दोघं हसलो. त्यांचे खांदे हलले. ते मी शेवटचं बघितलं.

पुढच्या शुक्रवारी ते खाटेवर पडून होते. ताप होता. पोटऱ्या दुखत होत्या, हात लावू देत नव्हते. मितेशने गोळ्या आणून दिल्या होत्या. शनिवारी पाहुणे यायचे होते, म्हणून त्याने खाट पडवीतून गोठ्यात हलवली. शनिवारी अकराला काका उठले. मी अडवलं. रीमा म्हणाली की पाच मिनिटांचं काम आहे, उभं राहिल्याने कुणी मरत नाही. ते चरात उतरले. झडप उचलताना पडले. पाहुण्यांपैकी दोघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. बाकीच्यांचे फोन चालू होते. टोपली त्या दिवशी दारातून कुणीतरी उचलली होती.

रविवारी त्यांचे डोळे पिवळे झाले. आम्ही त्यांना वसईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की लेप्टो आहे, मूत्रपिंडं बंद पडतायत. पावसाळ्यात होतो, उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून. हे कुठल्या पाण्यात उभे राहायचे, असं त्यांनी विचारलं.

मितेश म्हणाला, “खाडीत. जन्मभर.”

डॉक्टर म्हणाले, खाऱ्या पाण्यात हा जंतू सहसा टिकत नाही. घराजवळ गोडं, साचलेलं पाणी आहे का कुठे?

“नाही,” मितेश म्हणाला.

“परसात आहे,” मी म्हटलं. “रोज अकरा आणि चार.”

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. मितेशने माझ्याकडे बघितलं. मी जे बोलायला हवं होतं ते बोलले, एक महिना आणि काही दिवस उशिरा. त्याने काहीही बदललं नाही.

काका चार दिवस होते. शेवटच्या दिवशी मला ओळखलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला. त्यांनी तिथी विचारली. मी सांगितली, त्रयोदशी. मग पाऊणपट केली आणि म्हटलं, पावणेदहा. ते वाट बघत राहिले. माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, आपल्याला पावणेअकरा. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी, पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी ते गेले.

गाव अंत्ययात्रेला आलं. कृष्णा पाटील म्हणाले, असा माणूस पुन्हा होणार नाही. विकीने खांदा दिला. सगळे खरोखर रडत होते. मी बघितलं.

परसातली उघाडी सुरू आहे. गोदामात कामाला असलेला एक माणूस सुट्टीच्या दिवशी येऊन झडप उचलतो. मितेशने त्याला गमबूट दिलेत. काकांना दिले नव्हते. पानासाठी काकांवर शंभर शब्द हवेत, असं मितेशने मला कळवलं. इमोशनल चालेल, म्हणाला. मी पुन्हा कामावर गेले नाही.

एकदाच गेले, तेराव्याला. गोठ्यात खाट तशीच होती. खाटेखाली खताच्या गोणीत गादी सापडली. पिवळी, लाल काठाची, चार पदरी. मी वितीने मोजली. माझी वीत त्यांच्यापेक्षा लहान आहे, म्हणून दोनदा मोजली. नऊ विती शिवून झालेल्या. टाके सगळे एका मापाचे. पुढच्या पाच विती कापड नुसतं दुमडून ठेवलेलं होतं. दहाव्या वितीच्या सुरुवातीला सुई टोचलेली होती, दोरा ओवून.